दादरची भाकरी गोळीच्या जागी चालत नाही

"दादरची भाकरी खा, शुगरची गोळी फेका. गव्हात साखर असते, दादरमध्ये नसते. पंधरा दिवसांत एचबीएवनसी ९ वरून ६. गूळ चालतो, केळी विष." दादर म्हणजे आपल्या खानदेशातली रब्बी ज्वारी. जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर फिरत फिरत हा मेसेज आमच्या मावशीपर्यंत पोचला आणि तिने सकाळची गोळी बंदही करून टाकली. आता उत्तर देणं भाग आहे.

आधी ते पंधरा दिवस. एचबीएवनसी म्हणजे तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. पेशी साधारण १२० दिवस जगते. आज दिलेल्या रक्तात दोन महिन्यांपूर्वीच्याही पेशी असतात आणि त्यांना चिकटलेली साखर भाकरी खाऊन सुटत नाही. आजपासून साखर अगदी नॉर्मल राहिली तरी पंधरा दिवसांत नवाचे सहा होत नाहीत. झालेच, तर मध्ये रक्त चढवलं होतं का किंवा बराच रक्तस्राव झाला होता का, हे आधी विचारा.

गोळी सोडल्यावर चार दिवस काही जाणवत नाही, फसगत होते ती इथेच. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की ती लघवीत उतरते, मग तहान लागते, रात्री तीनदा उठावं लागतं. तोवर "एकदम बरं वाटतंय" म्हणत माणूस मेसेज पुढच्या दहा जणांना पाठवून मोकळा. टाइप १ च्या, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही अशा पोराने इन्सुलिन सोडलं तर एक-दोन दिवसांत कीटोन (चरबी जळून होणारी आम्लं) वाढून जिवावर बेततं. उलटही होतं: ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी चालू ठेवून जेवण अर्ध्यावर आणलं की साखर फार उतरून दरदरून घाम, थरथर. डोस कमी करायचा असेलही, पण तो डॉक्टरांनी.

"दादरमध्ये साखर नसते" हे कुठून काढलं कोण जाणे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते उघडा. १०० ग्रॅम ज्वारीत कर्बोदकं (पचून त्यांचीच साखर होते) ६७.७ ग्रॅम, गव्हाच्या आट्यात ६४.२. तंतूही आट्यात किंचित जास्तच. आता ताटात बघा: आपल्याकडच्या एका जाड भाकरीला ७० ग्रॅम पीठ सहज जातं, पोळीला ३०. दोन भाकरी म्हणजे कर्बोदकांच्या हिशेबाने पाच पोळ्या. मेसेज वाचून "दादर आहे ना" म्हणत तिसरी वाढून घेणारे काय करतात ते कळलं असेल.

अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या पुढाकाराने २०२१ मध्ये जुन्या अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. त्यात ज्वारीसारखी भरडधान्यं नेमाने खाणाऱ्या मधुमेहींची उपाशीपोटीची साखर सरासरी १२ टक्के कमी दिसली. बारा टक्के म्हणजे १८० चे १५८. गोळी फेकावी एवढं ते नाही. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेली भाकरी मात्र खरंच शहाणपणाची: ज्वारीत लायसीन हा प्रथिनांचा घटक कमी, तो उडदातून मिळतो.

गूळ? १०० ग्रॅममध्ये ८५ ग्रॅम कर्बोदकं, बहुतेक साखरच. केळ्याचा १०० ग्रॅम गर कर्बोदकांत एका पोळीहून जरासा जास्त, तेवढी पोळी कमी करा.

तरी भाकरीचा गुण बघायचाच असेल तर गोळी चालू ठेवून ग्लुकोमीटर वापरा. एक दिवस दादरची भाकरी, एक दिवस पोळी, दोन्हींना पीठ तोलून सारखं, भाजी तीच. पहिल्या घासापासून दोन तासांनी मोजा. टोचण्याआधी हात धुऊन कोरडे करा, गूळ कुस्करलेल्या बोटाला टोचलं तर आकडा फुगलेलाच येईल.