अफूचं उदाहरण दिलंत काका, तर पूर्ण द्या

गेले काही दिवस इंदूरच्या आमच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. रामबागेतून लोकमान्य नगरात, तिथून परत रामबागेत. मजकूर थोडक्यात असा: जगातला सगळा कोबाल्ट कांगोतली लहान मुलं हातांनी उकरतात, मोबाईलपासून दारातल्या ई-रिक्षापर्यंत प्रत्येक बॅटरीत तोच असतो, उपाय एकच, तिथल्या सरकारनं दलाल हटवून हा माल स्वतःच विकत घ्यावा, मंदसौर-नीमचची अफू आपलं सरकार घेतं तसा. ता. क. म्हणून आणखी एक ओळ: 2025 मध्ये कांगोनं निर्यात थांबवली ती या मुलांसाठीच. आमच्या एका काकांनी तो मला वेगळा पाठवला. "तू वाचत असतोस ना हे सगळं, सांग मग."

आधी ई-रिक्षा, कारण ते दोन ओळींचं काम आहे. इंदुरात फिरणाऱ्या बहुतेक ई-रिक्षांत शिसं आणि ॲसिडवाली बॅटरी असते. नव्या लिथियमवाल्या असल्या तर बहुधा लोह-फॉस्फेटच्या, आणि त्यांत कोबाल्ट औषधालाही नसतो. तो शोधायचा तर ज्या मोबाईलवरून मेसेज पुढे ढकललात, तो उघडा.

"सगळा कोबाल्ट मुलं उकरतात." जगातला सत्तर टक्क्यांच्या वर कोबाल्ट कांगोतून येतो, हे खरं. पण त्यातला बहुतेक टेंके फुंगुरुमे, किसान्फू, मुतांडा अशा अवाढव्य यांत्रिक खाणींतून, तांब्याच्या जोडीनं निघतो. हातांनी खणलेल्याचा वाटा वर्षानुवर्षं 10 ते 30 टक्के सांगितला जात आला आणि तो भावाबरोबर वरखाली होतो. भाव चढला की माणसं कुदळ उचलतात, पडला की दुसरं काही बघतात. मुलं तिथे राबतात हे मात्र खोटं नाही. ॲम्नेस्टी या मानवी हक्कांच्या संघटनेनं 2016 मध्ये ते मांडलं होतं. चीड येणं रास्तच आहे. माझा वाद उपायाशी आहे.

तर तो उपाय. काका, कांगो सरकारनं तो 2019 मध्येच करून ठेवलाय. गेकामीन या सरकारी खाण कंपनीच्या पोटी ईजीसी नावाची कंपनी काढली आणि हातखाणींतला सगळा कोबाल्ट खरेदी करण्याचा एकाधिकार तिला दिला. 2020 मध्ये ट्राफिगुरा या बड्या व्यापारी कंपनीशी करार झाला, 2021 च्या मार्चमध्ये थाटात सुरुवात झाली. मग वर्षं गेली, खरेदी काही होईना. माल निघत होता, कोल्वेझीजवळ मुसोम्पोच्या डेपोंवर तोलला जात होता, चिनी कारखान्यांत पोचतही होता. फक्त ज्या कंपनीला एकटीला हक्क होता, तिच्याकडे येत नव्हता. पहिला एक हजार टन जाहीर झाला तो नोव्हेंबर 2025 मध्ये.

असं का झालं, ते समजायला कांगोला जायची गरज नाही. अफूचं उदाहरण तुम्हीच दिलंत, पण ते आजचं. जरा दोनशे वर्षं मागे या, आपल्याच माळव्यात. 1818 च्या मंदसौरच्या तहानंतर होळकर कंपनी सरकारच्या छत्राखाली आले आणि पुढच्याच वर्षापासून कंपनीनं माळव्याची अफू स्वतः खरेदी करायला घेतली. बंगालात हा एकाधिकार जमला होता, कारण तिथे जमीन आणि अंमल दोन्ही कंपनीचे. इथे शेत होळकरांच्या, शिंद्यांच्या नाहीतर कोण्या राजपूत ठाकुराच्या मुलखात, पैसा उज्जैन-इंदूरच्या सावकारांचा आणि कंपनीच्या हाती नुसता खरेदीचा हुकूम. मग संस्थानिकांशी करार झाले, वाटा अडवल्या. होळकरांनी करार केला, शिंद्यांनी केला नाही. अफू मारवाडातल्या पालीवरून जैसलमेर, तिथून कराची आणि पुढे पोर्तुगीजांच्या दमणला जायला लागली. 1830 च्या सुमाराला कंपनीनं हात टेकले, खरेदी सोडली आणि मुंबईला जाणाऱ्या पेट्यांवर पासाचा, म्हणजे परवान्याचा, कर बसवला. (तो करही नीट चढवता आला तो 1843 मध्ये सिंध घेतल्यावर, कराचीची वाट बंद झाली तेव्हा.)

ईजीसीचं दुखणं अगदी हेच. कांगोच्या कायद्यानं हातांनी खणायला ठरावीक क्षेत्रं दिलीत, पण ती थोडी, आणि कित्येकांत खनिज एकतर नाही किंवा कुदळीच्या टप्प्याबाहेर खोल. चांगली जमीन मोठ्या कंपन्यांच्या पट्ट्यांत गेलेली. म्हणून माणसं चोरून त्या पट्ट्यांत शिरतात. 2019 च्या जूनमध्ये ग्लेनकोर या बड्या कंपनीच्या खाणीत असेच शिरलेले चाळीसच्या आसपास लोक दरड कोसळून मेले. नोव्हेंबर 2025 मध्ये कालांडो खाणीत कच्चा पूल कोसळून निदान 32 गेले. तिथे सरकार नव्हतं असं नाही. सैनिक होते, आणि त्यांच्या गोळीबारानं पळापळ झाली असं हातखाणींच्या सरकारी खात्याचाच अहवाल सांगतो.

आजच्या मंदसौरचं बघा. शेत शेतकऱ्याचं, पट्टा त्याच्या नावाचा, नार्कोटिक्सचे लोक बांधावर येऊन मोजणी करतात, आणि मगच सरकार एकटं गिऱ्हाईक असतं. इतकं असूनही चोरटी अफू पकडल्याच्या बातम्या दर हंगामाला येतातच. शिवाय अफू काढणाऱ्या कुणालाही विचारा, सगळा जीव गाढतेच्या तपासणीत अडकलेला असतो, कारण घट्टपणा किती भरला त्यावर पैसे. कांगोत पिस्तुलासारखं एक यंत्र दगडाला लावतात, ते कोबाल्टचा टक्का दाखवतं. यंत्र डेपोवाल्याचं. ते कमीच दाखवतं, ही खणणाऱ्यांची जुनी तक्रार. कासुलो वस्तीत 2017 मध्ये कुंपण घालून एकाच चिनी खरेदीदाराला हक्क दिला, तेव्हाही हीच रड होती. गिऱ्हाईक एकच उरलं की यंत्र खोटं वाटलं तरी दुसऱ्या डेपोवर जायची सोय राहत नाही.

निर्यातबंदीचं म्हणाल, तर ती मुलांसाठी नव्हती. कोबाल्टचा भाव 2022 मध्ये पौंडाला 40 डॉलरच्या घरात होता, तो 2025 च्या सुरुवातीला 10 पर्यंत घसरला. तो उचलायला 22 फेब्रुवारीला निर्यात बंद केली आणि ऑक्टोबरात कोटा लावला. 2026 साठीचा कोटा 96,600 टन आहे. वरचे एक हजार टन त्याशेजारी ठेवून बघा.

हातखाणकाम नीट जमलं होतं ते कांगोतल्याच मुतोशी खाणीत, 2018 ते 2020. शेमाफ या कंपनीनं आपल्याच पट्ट्यात खणणाऱ्यांना आत घेतलं. कुंपण घातलं, वरची माती यंत्रानं काढून दिली म्हणजे खोल विहिरी खणायला नकोत, मुलांना फाटकावर अडवलं, आणि ज्या बायकांना अंधश्रद्धेपायी खाणीत येऊ देत नसत त्याही आत आल्या. सुमारे पाच हजार माणसं तिथे काम करत होती. मार्च 2020 मध्ये कोविडमुळे फाटक बंद झालं, आणि काम थांबलं ते थांबलंच.