मोफत तपासणीचे बिल

मोटार कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये माणसाला ज्या अदबीने वागवले जाते, त्या अदबीने मला माझ्या लग्नातही कोणी वागवले नव्हते. फाटकावरचा रखवालदार सलाम ठोकतो, एक मुलगा धावत येऊन सीटवर प्लास्टिकचे आवरण आणि पायाखाली कागद घालतो, म्हणजे आपल्याच गाडीत आपण कुठून तरी घुसलेले मळके प्राणी ठरतो, आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक तरुण टॅब्लेट छातीशी धरून ‘गुड मॉर्निंग सर’ म्हणत सामोरा येतो. याला सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणतात. त्याच्या हातात पाना कधी नसतो आणि त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर ग्रीसचा डाग मी आजवर पाहिलेला नाही. या साऱ्या आदरातिथ्याचा खर्च बिलात कोणत्या रकान्यात धरतात, हे शोधूनही सापडत नाही. तो सगळ्याच रकान्यांत थोडा थोडा मुरवत असावेत, असा माझा संशय आहे.

माझी तक्रार अगदी साधी होती. फोंड्याहून पणजीकडे जाताना कुंडई, भोम, बाणस्तारी या टप्प्यात पावसाळा रस्त्यावर जे काही मागे ठेवून जातो, त्याचा प्रसाद म्हणून गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाकडून ‘टक्’ असा आवाज येऊ लागला होता. गतिरोधक आला की टक्, खड्डा आला की टक्, आणि आपल्याकडे या दोहोंची कमतरता नसल्यामुळे ऑफिसला पोहोचेपर्यंत डोक्यात तबला वाजू लागे. कुर्टीला आमच्या ओळखीचा एक मेस्त, म्हणजे गाड्या दुरुस्त करणारा कारागीर, आहे. तो गाडी जागेवरच दोनदा हलवून, कान लावून रोगाचे निदान करतो. परंतु गाडीवर मी वाढीव वॉरंटी घेतलेली होती, आणि बाहेरच्या माणसाने स्क्रूड्रायव्हर जरी लावला तरी ती वॉरंटी हवेत विरून जाईल, अशी भीती गाडी विकतानाच माझ्या मनात पेरून ठेवण्यात आली होती. त्यातच दिवाळीच्या तोंडावर ‘मोफत तपासणी शिबिरा’चा संदेश आला. मोफत या शब्दापुढे आमच्या घरात कोणाचे काही चालत नाही.

मोफत तपासणी खरोखरच मोफत असते. तपासणीत जे सापडते, ते मोफत नसते. गाडी लिफ्टवर चढली, अ‍ॅडव्हायझरने बॅटरीच्या प्रकाशात तिच्या पोटाखालचे फोटो काढले आणि एखाद्या नामांकित डॉक्टरने नातेवाइकांना बाजूला घ्यावे तसे मला बाजूला घेतले. डाव्या लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या लोखंडी दांड्याचा, बुश (त्यातली रबरी गादी) फाटला होता, हे निदान मला मान्य होते. पण बुश सुटा मिळत नाही, अख्खा आर्म बदलावा लागतो, आणि एक बदलला तर दुसरा नाराज होतो, म्हणून दोन्ही बदलावे लागतात, असे त्याने सांगितले. आर्म बदलले की अलाइनमेंट आलीच, आणि अलाइनमेंट आली की तिच्या पाठराखणीला बॅलन्सिंग येते. ब्रेक पॅड अजून चांगले होते, पण ‘किती दिवस चांगले राहणार, सर?’ असा तात्त्विक प्रश्न त्याने केला आणि त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढे थ्रॉटल बॉडीची सफाई, इंजिनातील कार्बनची सफाई, एसीचे निर्जंतुकीकरण, उंदीर वायर कुरतडू नयेत म्हणून फवारा, आणि सरतेशेवटी गाडीच्या तळाला गंजरोधक लेप.

“सर, गोव्यात समुद्राची खारी हवा आहे,” तो कळवळ्याने म्हणाला.

“पण मी फोंड्याला राहतो.”

“हवा येते ना, सर.”

समुद्र फर्मागुढीचा चढ चढून आमच्या गॅरेजपर्यंत येतो, हे मला नवीन होते. परंतु त्याचा चेहरा इतका गंभीर होता की क्षणभर मलाही ओठांवर मिठाची चव लागली. एस्टिमेट सत्तावीस हजारांवर गेले होते. टक् असा जो आवाज दुरुस्त करण्यासाठी मी आलो होतो, त्याचा वाटा त्यात चौथाईही नव्हता.

आता या धंद्यातील खरी कला सांगतो. आपण नको म्हटले की अ‍ॅडव्हायझर मुळीच वाद घालत नाही. तो फक्त जॉब कार्डावर त्या कामापुढे ‘ग्राहकाने नकार दिला’ असे लिहितो आणि सहीसाठी टॅब्लेट पुढे करतो. एसीच्या निर्जंतुकीकरणाला नकार देण्याची सही मी धीटपणे केली. उंदरांच्या बाबतीतही केली. पण ब्रेक पॅडपुढे ‘सुरक्षेशी संबंधित’ असा लाल शेरा होता, बोट काचेवर टेकवताना बायको-मुलांचे चेहरे डोळ्यांपुढे आले, आणि उद्या काही झाले तर हा कागद पोलीस पंचनाम्याला जोडतील असे वाटू लागले. माझा असा पक्का समज झाला आहे की अधिकृत सेंटरमधील अर्धी कमाई पान्याने होते आणि अर्धी या सहीच्या रकान्याने. तरीही मी गंजरोधक लेप, दोन्ही सफाया आणि उजवा आर्म कापून काढले. पॅड राहिले. भीतीला काही तरी नैवेद्य दाखवावाच लागतो.

प्रतीक्षाकक्षाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. तिथे थंडी असते, यंत्रातली कॉफी असते आणि आवाज बंद केलेला टीव्ही असतो. मोठ्या काचेतून वर्कशॉप दिसते, पण काचेवर ‘ग्राहकांना प्रवेश नाही’ अशी पाटी असते. त्या काचेतून मी पाहिले, की एका मुलाने माझा जुना आर्म काढून नवा बसवला आणि तो अर्ध्या-पाऊण तासात मोकळा झाला. बिलात मजुरी त्याच्या किती तरी पट वेळेची लागली. विचारले तेव्हा कळले, की कोणत्या कामाला किती वेळ धरायचा हे कंपनीच्या तक्त्यात आधीच ठरलेले असते. मुलाचा हात चलाख असला तर उरलेला वेळ त्याचा नव्हे आणि माझाही नव्हे.

वाट पाहता पाहता मला एक जुनी बातमी आठवली. 2014 च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती खुल्या बाजारातील मेकॅनिकांच्या हाती पडू दिली जात नाही, असा ठपका होता, आणि ग्राहकाने केवळ बाहेर दुरुस्ती करून घेतली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असेही आयोगाने बजावले होते. प्रकरण पुढे अपिलात आणि न्यायालयांत गेले ते निराळे. मी हे सारे अ‍ॅडव्हायझरला तारखेसकट ऐकवले. त्याने ते फार आदराने ऐकून घेतले. 2014 मध्ये तो बहुधा पाचवीत असावा.

“सर, तुमची वॉरंटी सेफ आहे,” तो म्हणाला.

“मग आर्म वॉरंटीत बसवा.”

“नाही सर, रबराचा भाग आहे. तो झिजणाऱ्या वस्तूंत येतो.”

ब्रेक पॅड झिजतात म्हणून वॉरंटीत येत नाहीत, वायपर झिजतात म्हणून येत नाहीत, क्लचची प्लेट त्याच कारणाने येत नाही, आणि बुश तर रबराचाच. जे झिजत नाही त्याची वॉरंटी मात्र पक्की असते. ज्या वॉरंटीला जपण्यासाठी मी मेस्ताचे दार टाळत आलो, तिचा आणि माझ्या टक् आवाजाचा कधीच संबंध येणार नव्हता.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की एअरबॅगचा दिवा लागला किंवा एबीएसने असहकार पुकारला, तर मी आजही तिथेच जाईन, कारण त्या दुखण्याची भाषा समजणारी यंत्रे त्यांच्याकडे असतात. नवी गाडी विकून विक्रेत्याला फारसे सुटत नाही आणि महामार्गाकाठची जागा, काचेच्या भिंती व शोरूममधील रात्रीचे दिवे यांचा भार सर्व्हिसच्या खात्यालाच उचलावा लागतो, हेही मला समजते. फक्त तो भार उचलायला माझा एकच बुश पुढे केला गेला, एवढेच माझे म्हणणे आहे.

बिल शेवटी साडेतेरा हजारांवर थांबले. 22 सप्टेंबर 2025 पासून सुट्या भागांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला आहे, हे अ‍ॅडव्हायझरने अशा सुरात सांगितले की जणू दिल्लीत जाऊन त्यानेच माझ्यासाठी रदबदली केली होती. ‘कन्झ्युमेबल्स’ म्हणून एक किरकोळ रक्कम होती. ती म्हणजे पुसायची फडकी, असे समजले. निघताना तो जवळ आला आणि म्हणाला, “सर, कंपनीतून फोन येईल. दहापैकी दहाच द्या. नऊ दिले तरी आमच्याकडे नापास धरतात.” फोन आला, आणि मी दहा दिले. पोराच्या पगाराशी माझे भांडण नव्हते.

मी एक हट्ट केला होता, तो म्हणजे काढलेले जुने भाग परत मागितले होते. त्यांनी ते पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून डिकीत ठेवले, आणि मी खोके थेट कुर्टीला नेले. मेस्ताने ब्रेक पॅड नखाने चाचपले आणि पुढचा उन्हाळा तरी नक्की काढला असता असे सांगितले. मग लोअर आर्म हातात घेऊन एक डोळा मिटला आणि तो उन्हाकडे धरून निरखला.

“हें बरें आसा मरे!” तो म्हणाला. लोखंड सरळ होते, बॉल जॉइंट घट्ट होता, फक्त बुश गेला होता. बुश सुटा मिळत नाही का, असे मी विचारले, तेव्हा त्याने मागच्या फळीवरून एक प्लास्टिकची पिशवी काढून माझ्या तळहातावर ठेवली. तिच्यावर चारशे रुपयांच्या आतली किंमत छापलेली होती.

आर्म मी त्याच्याकडेच सोडून आलो. काही दिवसांनी हवा भरायला गेलो तेव्हा मेस्ताने खिशातून दोनशे रुपये काढून माझ्यापुढे धरले. त्या आर्ममध्ये प्रेसखाली नवा बुश बसवून त्याने तो माझ्याच मॉडेलच्या एका टॅक्सीला लावला होता, टॅक्सीवाला खुशीत गेला होता, आणि आर्म मुळात माझा असल्यामुळे हा माझा हिस्सा होता. मी थोडे आढेवेढे घेतले आणि पैसे घेतले. त्या साऱ्या दुरुस्तीत माझ्याकडे परत आलेली ती एकमेव रक्कम होती, आणि तिच्यावर जीएसटी लागला नव्हता.