जोखमीचा मालक

आमच्या पतसंस्थेतील सुरक्षाविषयक जोखमींचे मूल्यमापन करण्याचे काम माझ्याकडे आले, त्याचे कारण माझी विद्वत्ता नसून प्रिंटर माझ्या टेबलाशेजारी आहे, हे होते. नाशिकहून आलेल्या सल्लागारांनी रीत सोपी सांगितली. प्रत्येक धोक्याची शक्यता १ ते ५ आणि परिणामही १ ते ५ अशा गुणांत मांडावा, दोहोंचा गुणाकार करावा आणि २५ च्या जवळ जाणाऱ्यांकडे आधी पाहावे. आयएसओ २७००१ या माहिती-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०२२ च्या आवृत्तीत ९३ नियंत्रणे, म्हणजे धोका आवरण्याचे उपाय, आहेत. त्यांतले कोणते आपल्याला लागू आहे आणि कोणते नाही हे सकारण लिहून काढा, असे सांगून ते संध्याकाळच्या गाडीने परतले.

आपल्या विभागाचा धोका २ च्या वर कोणीच जाऊ देईना. रोखपाल अण्णांचा पासवर्ड कॅल्क्युलेटरच्या पाठीवर चिकटपट्टीखाली लिहिलेला आहे, हे पिग्मी एजंटांपासून चहावाल्यापर्यंत सर्वांना ठाऊक असूनही, "भाऊ, काही व्हत नही," एवढ्यावर त्यांनी शक्यता १ करून घेतली. वसुली विभागाला मात्र ५ द्यावेत, असे न विचारता सुचवले.

खरी पंचाईत सर्व्हरच्या खोलीने केली. जळगावात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि संस्थेतला एकुलता एक एसी त्या खोलीत आहे. त्यामुळे 'केवळ अधिकृत व्यक्तींना प्रवेश' या पाटीखालून दुपारी कळण्याची भाकरी, ठेचा आणि शेवभाजीचा डबा घेऊन येणारा प्रत्येक जण अधिकृत ठरतो. यूपीएसच्या सपाट पाठीवर वर्तमानपत्र अंथरलेले असते आणि त्यावर तर्रीचे लालसर वर्तुळ उमटलेले असते. मी 'द्रवपदार्थ सांडून यंत्रणा बंद पडणे' असे लिहून शक्यता ५ दिली, तेव्हा लोकांना बाहेर काढल्यास उष्माघाताची जोखीम त्याहून मोठी, असा मुद्दा निघाला. तो अगदीच चुकीचा होता असे मला म्हणवत नाही.

सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवावी, असे २०२२ चे निर्देश आहेत. आमच्याकडे मात्र कोणतीही घटना आधी अध्यक्ष आप्पासाहेबांच्या कानावर घालावी लागते, आणि लग्नसराईत आप्पासाहेब कोणत्या मांडवात सापडतील, हे शोधण्यातच ६ तास जातात.

जोखीम कमी करावी, टाळावी, विमा उतरवून दुसऱ्याच्या गळ्यात घालावी किंवा स्वीकारावी, असे चार मार्ग असतात. पहिल्या तिन्हींना खर्च किंवा त्रास असल्याने संचालक मंडळाने चौथा एकमताने मंजूर केला. राहिला 'जोखमीचा मालक', म्हणजे तिची जबाबदारी कोणाची, हा रकाना. वारसनोंदीसाठी भावाभावांत भांडणे लावणारा आमचा मुलूख. पण या मालकीवर कोणी हक्क सांगेना. अखेर प्रत्येक ओळीत माझे नाव पडले.

पुढल्याच आठवड्यात चाळीसगावच्या मावसभावाच्या लग्नासाठी मी रजेचा अर्ज दिला. गुण देताना एरवी हात आखडता घेणाऱ्या आप्पासाहेबांनी त्यावर हिरव्या शाईने शेरा मारला: "अर्जदार गेल्यास सर्व जोखमी बेवारस होतात. शक्यता ५, परिणाम ५. नामंजूर."