साडूचे पैसे आणि कंपनीचा गाळा
बँक नाही म्हणाली तर प्रायव्हेट लिमिटेड काढा आणि ओळखीच्यांकडून व्याजाने पैसे उचलून जागा घ्या, असं धंद्यासाठी जागा घेण्यावरच्या एका लेखात सहज सांगितलंय. आम्ही तिघे भोसरीत गाळा घेताना हेच करणार होतो. सीएने वेळीच थांबवलं. २०१३ च्या कंपनी कायद्यात असे पैसे 'ठेव' धरले जातात आणि खासगी कंपनीला बाहेरच्या लोकांकडून ठेवी घेता येत नाहीत. संचालक किंवा त्याचा नातेवाईक देऊ शकतो, पण पैसे स्वतःचे आहेत, कुणाकडून उसने घेतलेले नाहीत, असं लेखी द्यावं लागतं. बरं, नातेवाईक म्हणजे आई, वडील, बायको, मुलं, सुना-जावई, भाऊ, बहीण. आमचा पैसेवाला निघाला साडू, आणि साडू त्या यादीत नाही! बायको अजून हसते.

दुसऱ्या कंपनीकडून कर्ज घेता येतं, तसं आम्ही शेवटी घेतलं. गाळा तारण दिला तर कंपनी निबंधकाकडे ३० दिवसांत बोजा नोंदवायचा, हे धनको मंडळींनीही लक्षात ठेवावं. नोंद नसेल तर कंपनी बुडाल्यावर लिक्विडेटर (तिची मालमत्ता विकून देणी भागवणारा) ते तारण मानत नाही. आणि 'कर्ज कंपनीचं, आपलं काय जातंय' म्हणणाऱ्यांनो, वैयक्तिक हमीच्या कागदावर सह्या आम्हा तिघांच्याच आहेत.