फोन काढून घेतला म्हणजे मूल सुरक्षित झालं, असं नाही

शाळा सुरू झाली की पालकांच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरायला लागतो. मजकूर थोडाफार बदलतो, सांगणं तेच असतं. अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत मुलांच्या हातात मोबाइल देऊच नका. बिल गेट्स आणि स्टीव्ह जॉब्स यांनीही दिला नव्हता. ऑस्ट्रेलियात तर कायद्यानेच बंदी आहे. द्यावाच लागला तर मुलाच्या नकळत त्यात लक्ष ठेवणारं ॲप टाका. ब्लू व्हेलसारख्या गेमने शेकडो मुलांचा जीव घेतलाय. आणि शेवटी, आपल्याला यातलं काही कळत नाही, तेव्हा बंदी हाच एक उपाय.

मी माध्यमिक शाळेत शिकवते. पालक हा मेसेज मला पाठवतात आणि खाली विचारतात, "मॅडम, बरोबर आहे ना?" बरोबर नाही. त्यामागची काळजी खरी आहे, मलाही तीच आहे. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

"गेट्स आणि जॉब्स यांनी मुलांना मोबाइल दिला नाही."

गेट्स यांनी २०१७ मध्ये एका मुलाखतीत सांगितलं होतं की, मुलांना चौदा वर्षांची होईपर्यंत फोन दिला नाही, जेवताना टेबलावर फोन नसतो आणि झोप नीट व्हावी म्हणून रात्री ठरावीक वेळेनंतर स्क्रीन बंद असते. चौदा म्हणाले होते, अठरा नव्हे. जॉब्स यांचं बोलणं २०१० मधलं, आयपॅड नुकताच बाजारात आला होता तेव्हाचं. आमच्या मुलांनी तो वापरलेला नाही, घरी तंत्रज्ञान किती वापरायचं यावर आम्ही मर्यादा घालतो, असं त्यांनी एका पत्रकाराला सांगितलं होतं. दोघांच्याही घरी नियम होते आणि ते आईवडिलांनी स्वतः ठरवलेले होते. मेसेज लिहिणाऱ्याने नियम गाळले आणि बंदी तेवढी ठेवली.

"ऑस्ट्रेलियाने मुलांच्या मोबाइलवर बंदी घातली."

मोबाइलवर नाही. १० डिसेंबर २०२५ पासून तिथे सोळा वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब अशा ठरावीक प्लॅटफॉर्मवर खातं ठेवता येत नाही. व्हॉट्सॲप आणि यूट्यूब किड्स त्यात नाहीत. मुख्य म्हणजे दंड कंपनीला आहे, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. मुलाला नाही, आईबापाला नाही. तो कायदा चांगला की वाईट यावर वाद घालता येईल, पण जबाबदारी कंपन्यांवर टाकणाऱ्या कायद्याचा दाखला देऊन घरातल्या मुलाचा फोन हिसकावणं हे भलतंच.

आपल्याकडेही कायदा आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची व्यक्ती म्हणजे मूल. तिची माहिती वापरण्याआधी कंपनीने पालकांची संमती घ्यायची आहे आणि ती पडताळून घ्यायची आहे. कंपन्यांना मुलांवर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायलाही मनाई आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि या तरतुदी लागू करायला त्यापुढे दीड वर्षाची मुदत दिली आहे. म्हणजे उद्या "हो" की "नाही" हे तुम्हालाच विचारलं जाणार. ज्या ॲपसाठी संमती मागताहेत ते तुम्ही कधी उघडूनच पाहिलं नसेल, तर उत्तर कशाच्या आधारावर देणार?

"अठरापर्यंत फोन देऊच नका."

आपल्या बहुतेक घरांत मुलाचा वेगळा फोन नसतोच. फोन आईचा असतो, गृहपाठाचा ग्रुप त्यावर असतो आणि मुलगा त्यावरच गेम खेळतो. 'असर' या शिक्षणविषयक पाहणीच्या २०२४ च्या ग्रामीण अहवालात चौदा ते सोळा वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन साधारण तिघांत एकाकडे होता. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात वापरता येणाऱ्यांतल्या ७६ टक्क्यांनी सोशल मीडिया वापरला होता, तर अभ्यासासाठी फोन वापरणारे होते ५७ टक्के. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पुढच्या आकड्यांची. सोशल मीडिया वापरणाऱ्या या मुलांपैकी एखाद्या प्रोफाइलला ब्लॉक किंवा रिपोर्ट कसं करायचं हे ६२ टक्क्यांना ठाऊक होतं आणि स्वतःचं प्रोफाइल प्रायव्हेट करणं ५५ टक्क्यांना. बाकीची मुलं हे न शिकताच तिथे वावरताहेत. "फोन देऊ नका" म्हणणाऱ्या मेसेजमध्ये त्यांच्यासाठी एक ओळही नाही.

"मुलाच्या नकळत लक्ष ठेवणारं ॲप टाका."

या मुद्द्यावर मला सर्वात जास्त बोलायचं आहे, कारण यात खरंच नुकसान होतं.

आधी ॲपचंच पाहू. अमेरिकेत 'टीनसेफ' नावाचं ॲप पालकांना विकलं जात होतं. मे २०१८ मध्ये उघड झालं की त्यांचा सर्व्हर इंटरनेटवर पासवर्डशिवाय उघडा पडला होता आणि त्यात मुलांचे ॲपल आयडी आणि पासवर्ड साध्या अक्षरांत, कुणीही वाचावेत असे पडून होते. वर हे ॲप चालण्यासाठी खात्याची दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणं, बंद ठेवावी लागायची. मुलाला अनोळखी माणसांपासून वाचवायला घेतलेल्या ॲपने त्याच्या खात्याची किल्लीच रस्त्यावर टाकली.

दुसरं नुकसान घरातलं. आमच्या शाळेतल्या आठवीतल्या एका मुलाला गेमच्या चॅटवर कुणीतरी फुकट डायमंड, म्हणजे गेममधलं चलन, देतो म्हणाला. आईच्या फोनवर आलेला ओटीपी मुलाने सांगितला आणि पैसे गेले. मग तोच माणूस धमकावायला लागला, आणखी नंबर दे, नाहीतर घरी सांगतो. मुलगा गप्प राहिला. शेवटी त्याच्या मित्राने येऊन मला सांगितलं. मी मुलाला जवळ बसवून विचारलं, घरी का नाही बोललास? तो म्हणाला, "पप्पा फोन फोडतील. आणि आई रात्री माझे मेसेज वाचते, मला माहितीये." आईला वाटत होतं, त्याला पत्ता नाही. त्याने केव्हाच मित्राच्या फोनवर दुसरा आयडी काढला होता.

पोरांना फसवणारे, त्यांच्याकडे फोटो मागणारे लोक नेमके याच भीतीवर जगतात. घरी कळलं तर तुझं काही खरं नाही, एवढं एक वाक्य त्यांना पुरतं. ते वाक्य मुलाला खरं वाटतं, कारण घरातही तेच सांगितलेलं असतं.

लक्ष ठेवू नका असं माझं म्हणणं नाही. उघडपणे ठेवा. गुगलचं 'फॅमिली लिंक' मुलाला माहीत असताना चालतं. कोणतं ॲप घ्यायचं आणि किती वेळ वापरायचं हे तुम्ही ठरवता आणि मुलालाही ते दिसतं. इन्स्टाग्रामची किशोरांसाठीची खाती भारतात फेब्रुवारी २०२५ पासून आली. ती आपोआप प्रायव्हेट असतात, रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन बंद असतात आणि सोळाखालच्या मुलाला हे नियम सैल करायचे तर पालकांची परवानगी लागते. देखरेख जोडली तर मुलाने गेल्या सात दिवसांत कुणाकुणाशी मेसेजवर बोलणं केलं ते पालकांना दिसतं, मेसेज मात्र वाचता येत नाहीत. हे मला योग्य वाटतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचं मैत्रिणीशी झालेलं बोलणं आईने वाचलंच पाहिजे असं नाही. ती कुणा परक्या माणसाशी रोज बोलतेय का, हे मात्र कळायला हवं.

"ब्लू व्हेलने शेकडो मुलं मारली."

हातावर माशाचं चित्र काढण्यापासून शेवटी जीव देण्यापर्यंत एकेक आव्हान देणारा ऑनलाइन गेम, अशी ही बातमी २०१७ मध्ये मुंबईपासून देशभर पसरली. नंतर सरकारने नेमलेल्या समितीने त्या मृत्यूंमागचे कॉल रेकॉर्ड, इंटरनेटचा वापर, सगळं तपासलं. ब्लू व्हेलचा संबंध एकाही प्रकरणात सिद्ध झाला नाही, असं जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेत सांगण्यात आलं. तरी मेसेज अजून फिरतोय. त्या वर्षी पालक मुलांच्या हातावर माशाचं चित्र शोधत होते. मूल जेवत नाही, झोपत नाही, मित्रांना टाळतं, शाळेत यायला नको म्हणतं, याकडे मात्र लक्ष जात नव्हतं. बघायचं ते हे.

"आपल्याला यातलं काही कळत नाही."

हे वाक्य पालकसभेत दर वेळी ऐकते आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण बोलणारी माणसं मुलाचा चेहरा बघून त्याचं काय बिनसलंय ते ओळखणारी असतात. कळायला हवं ते फार नाही. एक संध्याकाळ मुलाशेजारी बसा आणि त्यालाच म्हणा, तुझं खातं मला दाखव. जन्मवर्ष आधी बघा. आमच्याकडच्या कितीतरी मुलांच्या खात्यावर ते खोटं आहे, बऱ्याचदा घरातल्याच मोठ्या माणसाने टाकलेलं. वर्ष खोटं असलं की किशोरांसाठीचे सगळे नियम आपोआप निष्प्रभ होतात. तेराच्या आतलं मूल असेल तर ते खातं नकोच. मग गेममध्ये अनोळखी लोकांशी बोलणं बंद करता येतं का ते दोघांनी मिळून शोधा. यूपीआयचा पिन बदला, तो मुलाला पाठ असतो.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये ठरवलं की रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजला की दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद. मोठ्यांचेही. तिथल्या गावकऱ्यांना त्यासाठी संगणकाचा कोर्स करावा लागला नाही. स्वतः फोन बाजूला ठेवायची तयारी मात्र लागली, आणि सगळ्या मेसेजमध्ये मोठ्यांच्या फोनबद्दल अवाक्षर नसतं. मुलाचा गणवेशातला फोटो, शाळेचं नाव, वाढदिवसाची तारीख स्टेटसवर टाकणारे आपणच असतो.

मेसेजने एक गोष्ट पूर्ण वगळली आहे. मूल घाबरून तुमच्याकडे आलं तर काय करायचं? आधी "सांगितलंस ते बरं केलंस" म्हणा आणि फोन काढून घेऊ नका. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेतच थांबवता येण्याची शक्यता जास्त. मुलाला कुणी त्रास देत असेल तर मुलांच्या मदतीचा १०९८ हा नंबर दिवसरात्र चालू असतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते. मुलाच्या नग्न फोटोवरून धमकावत असतील तर पैसे देऊ नका, एकदा दिले की मागणी वाढते. 'टेक इट डाउन' ही एका अमेरिकन संस्थेची मोफत सेवा आहे. अठराखालच्या मुलाचा तसा फोटो फोनमधून बाहेर न पाठवता त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि इन्स्टाग्राम, फेसबुकसारख्या सहभागी कंपन्या त्यावरून तो फोटो ओळखून काढून टाकू शकतात. तो फोटो पुरावा म्हणून काकांना, मामांना, कुणालाही पुढे पाठवू नका, तो कायद्याने गुन्हा आहे. समोरच्याचा आयडी, नंबर आणि धमकीचे मेसेज यांचे स्क्रीनशॉट घ्या, मगच त्याला ब्लॉक करा. चॅट डिलीट करू नका, पोलिसांना ती लागते.