म्हणे सेम टू सेम!

डोकं फिरलंय आज. राखाडी-निळ्या रंगाचं कार्डिगन, पाठ झालीये, पुढचे दोन्ही भाग झालेत, उजवी बाही झालीये, डावी बाही कोपरापर्यंत आली आणि लोकर संपली. किती लागेल हा अंदाज दुकानदारानेच दिला होता, सहाशे ग्रॅममध्ये आरामात बसेल, वर टोपीपुरती उरेल. नाही बसलं. ठीक आहे, होतं असं. लेबल जपून ठेवलेलं, ते घेऊन त्याच दुकानात गेले, म्हटलं दादा हा लॉट नंबर बघा, ह्यातलेच दोन गुंडे द्या. त्याने लेबलकडे नजरसुद्धा टाकली नाही. मागच्या खोक्यातून दोन गुंडे काढून काउंटरवर आपटले, "सेम टू सेम आहे मॅडम, बिनधास्त घेऊन जा." लेबल कुठंय विचारलं तर म्हणे निघून गेलं असेल. दारात उन्हात नेऊन बघते म्हटलं तर मागे गिऱ्हाईकं खोळंबलीत म्हणून घाई.

घरी आल्यावर चार ओळी घातल्या आणि गॅलरीत नेऊन धरलं. कोपराखालून सरळ पट्टा! वरचा निळा राखाडीकडे झुकणारा, खालचा हिरवटसर. शेजारच्या काकूंना चष्म्याशिवाय दिसला हो तो पट्टा. तशीच परत गेले तर उत्तर काय, "उघडलेला माल परत घेत नाही, आणि एवढं कोण बघतंय मॅडम." मी बघतेय! दोन महिने रोज रात्री बसून मी विणलंय, मी बघणारच ना!

लॉट म्हणजे काय हे लोकर विकणाऱ्या माणसाला मी शिकवायचं का? एका वेळी एका टाकीत जेवढी लोकर रंगवतात तो एक लॉट. पुढच्या वेळी रंगाचं प्रमाण, पाणी, उष्णता ह्यात जरा इकडेतिकडे झालं की छटा बदलते. म्हणूनच तर शेड नंबर वेगळा आणि लॉट नंबर वेगळा छापतात. शेड तीच असली म्हणून रंग तोच असेल असं अजिबात नाही. ह्यावर एक तोडगा असतो, दोन ओळी जुन्या गुंड्याच्या, दोन ओळी नव्या गुंड्याच्या असं करत जायचं म्हणजे फरक एकमेकांत मिसळून जातो. पण त्यासाठी जुनी लोकर हातात उरायला हवी ना. आता मला दोन्ही बाह्या खांद्यापर्यंत उसवाव्या लागणार, म्हणजे धड झालेली उजवीसुद्धा.

आणि अंदाज चुकतो तरी का, तर पाकिटावर फक्त वजन छापलेलं. पन्नास ग्रॅम. अहो पण धागा किती मीटर आहे ते? डिझाइनमध्ये लांबी दिलेली असते, कारण अ‍ॅक्रिलिक हलकं, त्याचा पन्नास ग्रॅममध्ये धागा जास्त येतो, कॉटन जड, त्याचा कमी. नुसत्या ग्रॅमवरून काय डोंबल हिशोब लावायचा? त्यात सरसकट सगळ्याला 'वूल' म्हणून विकतात. मागे एकाने शुद्ध लोकर म्हणून दुप्पट भाव घेतला, घरी येऊन धाग्याचं टोक जाळून बघितलं, खरी लोकर असती तर केस जळल्यासारखा वास आला असता आणि राख बोटांनी चुरली असती. इथे वितळून काळा टणक मणी झाला. सरळ सरळ प्लास्टिक. अ‍ॅक्रिलिक वाईट नाही, लहान मुलांच्या कपड्यांना धुवायला उलट सोयीचं पडतं, मी स्वतः वापरते. पण अ‍ॅक्रिलिक म्हणून विका आणि अ‍ॅक्रिलिकचे पैसे घ्या!

सुयांचं तर विचारूच नका. आईच्या जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या सुया आहेत माझ्याकडे, आपल्याकडे पूर्वापार चालत आलेले ब्रिटिश नंबर, त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, आठ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर. एका शालीसाठी गोल सुई ऑनलाइन मागवली, आठ नंबरचीच, आली ती ५ मिलिमीटरची, कारण ते अमेरिकन आठ! वर्णनात मिलिमीटर लिहिलेले कुठेच नाहीत. सुईला एक मिलिमीटर म्हणजे थोडं नसतं, सगळं माप बिघडतं, जिथे दहा सेंटिमीटरला बावीस टाके बसायचे तिथे अठरा बसतात आणि मोठ्या माणसाचा स्वेटर मग पोत्यासारखा लोंबतो. ती शाल तशीच पडलीये कपाटात. भाचीच्या बाळाची पिवळी कुंचीसुद्धा, कारण त्या पिवळ्याची लोकर मार्चमध्ये मिळेना, "आता सीझन संपला, दिवाळीनंतर या." दिवाळीनंतर बाळाचं डोकं तेवढंच राहणार आहे का?

आणि एवढं सगळं होऊन बोलणी कोणाला, तर मला. परवा सासरकडची मंडळी आली होती, टेबलावर लायब्ररीची जाडजूड कादंबरी बघितली, बाजूला पिशवीतून डोकावणारी अर्धी बाही बघितली, लगेच सुरू. "पुस्तकं वाचायला बरा वेळ मिळतो गं, ते स्वेटर कधीचं लोळतंय." अहो, विणायला लोकर नाही म्हणून वाचतेय! एरवी माझं दोन्ही बरोबरच चालतं, साधी सुलट-उलट वीण असली की पुस्तक उशीला टेकवायचं, वरून कपड्याचा चिमटा लावायचा, हात आपोआप चालतात, डोळे पानावर. जाळीची वीण असली तर टाके मोजावे लागतात, तेव्हा मग कानात ऑडिओबुक. कादंबरी पेशवाईतली आहे, सदाशिवरावभाऊ आत्ता कुठे दिल्लीत पोचलेत, पुढचं पानिपत सगळं ठाऊक असूनही जीव टांगणीला लागलाय, आणि अशा वेळी हातात सुया नसल्या तर मला चैन पडत नाही. त्यात लायब्ररीत दुसरा खंडच नाही. कोणीतरी नेलाय आणि आणून दिलेला नाही, आणि काउंटरवरच्या बाई म्हणतात कशा, "तोपर्यंत दुसरं काहीतरी न्या ना, ऐतिहासिकच आहे." म्हणजे तिथेही तेच, सेम टू सेम!

वर एकीने सल्ला दिला की तीनशे रुपयांत तयार मिळतं, कशाला एवढा जीव काढायचा. ह्या बाईंच्या धाकट्याला मी विणलेला स्वेटर तीन हिवाळे त्याने अंगातून काढला नव्हता, तेव्हा बरं तीनशेचं आठवलं नाही.

उद्या बाह्या उसवायला बसतेय. ह्यापुढे जो कोणी "झालं का गं पूर्ण?" म्हणून विचारेल ना, त्याच्या हातात ते लेबल देणार आहे, आणि जा म्हणणार आहे, ह्याच लॉटचे दोन गुंडे शोधून आण, आणि आणताना दुकानाबाहेर उन्हात बघून आण.