मुदत संपलेले घर आणि सकाळी आठचा फोन

अमेरिकेत घर विकायला काढायचे, तर मालक एका एजंटशी ठरावीक मुदतीचा लेखी करार करतो. ही मुदत बहुतेक वेळा तीन ते सहा महिन्यांची असते आणि तेवढ्या काळात दुसऱ्या एजंटने त्या घरात लुडबूड करायची नसते. घराची माहिती ‘एमएलएस’ या एजंटांच्या सामाईक नोंदवहीत चढते. मुदतीत घर विकले गेले नाही, तर तिथली स्थिती बदलून ‘एक्स्पायर्ड’ होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परिसरातल्या सगळ्या एजंटांच्या पडद्यावर ते घर झळकते. मग आठच्या ठोक्याला मालकाचा फोन वाजू लागतो. आठच का, तर सकाळी आठच्या आधी आणि रात्री नऊनंतर विक्रीसाठी फोन करायला संघराज्याच्या नियमांनी मनाई आहे.

मी न्यू जर्सीत, एडिसन आणि आसपासच्या गावांत, हाच व्यवसाय करतो. नव्याने परवाना काढणारे मराठी तरुण-तरुणी मला हमखास विचारतात, की एक्स्पायर्ड घरांच्या मागे लागावे का. जरूर लागावे. विकायची इच्छा उघडपणे सांगून झालेली आणि तरीही अडून बसलेली माणसे या धंद्यात दुसरीकडे कुठे सापडणार? माझा आक्षेप आहे तो घराची नोंद न वाचताच फोन फिरवण्याला.

पुण्यातल्या एजंट मित्रांना हा प्रकार समजावताना माझी तारांबळ उडते. तिथे एकाच फ्लॅटची चावी चार-पाच जणांकडे असते आणि फ्लॅट विकला गेल्यावरही त्याची जाहिरात पोर्टलवर तशीच पडून राहते. महारेराने एजंटांना २०१७ पासून नोंदणी आणि २०२३ पासून प्रशिक्षण व परीक्षा लागू केली, पण एकाच एजंटला मुदतबंद काम देण्याची पद्धत जुन्या फ्लॅटच्या व्यवहारात फारशी रुजलेली नाही. करारच नाही, तर त्याची मुदत संपणार कशी?

आधी कायद्याची बाजू, कारण इथेच नवखे लोक गोत्यात येतात. विक्रीचे फोन नको असणाऱ्यांच्या क्रमांकांची ‘डू नॉट कॉल’ ही सरकारी यादी २००३ मध्ये सुरू झाली. मालकाचा क्रमांक त्या यादीत असेल, तर त्याचे घर एक्स्पायर्ड झाल्याने तो यादीतून बाहेर येत नाही. फोन करायची सूट मिळते ती आधीपासून व्यवहारसंबंध असेल तर; तो आधीच्या कंपनीचा त्याच्याशी होता, तुमचा नाही. क्रमांक विकणाऱ्या कंपन्या तुम्हाला यादी देतील, पण दंडाची नोटीस येईल ती तुमच्या नावाने. दुसरे म्हणजे ‘विथड्रॉन’ आणि ‘एक्स्पायर्ड’ या स्थिती एक नव्हेत. घर नोंदवहीतून मागे घेतले असले, तरी एजंटशी केलेला करार जिवंत असू शकतो. अशा मालकाकडे काम मागायला जाणे ‘रिअल्टर’ या एजंटांच्या संघटनेच्या आचारसंहितेच्या सोळाव्या कलमात बसत नाही. पत्र पाठवायला मात्र ‘डू नॉट कॉल’ची आडकाठी नाही, आणि मी पत्रच पाठवतो.

पत्र लिहायचे, तर लिहिण्याजोगे काही हाती असावे लागते आणि ते नोंदीतच असते. गेल्या वर्षीचे एक घर सांगतो. १९५० च्या दशकातले, चार खोल्यांचे. फेब्रुवारीअखेरीस विक्रीला निघालेले, त्यामुळे छायाचित्रांत अंगणभर बर्फ. जूनमध्येही तीच छायाचित्रे झळकत होती, म्हणजे घर किती दिवस पडून आहे हे गिऱ्हाइकाला आकडा न पाहताच कळत होते. भाव दोनदा उतरवला होता, दोन्ही वेळा पाच-पाच हजारांनी, म्हणजे मालकाला टोचेल इतका आणि गिऱ्हाइकाला जाणवणारही नाही इतका. पण खरी गोम एप्रिलमध्ये होती. घर ‘अंडर कॉन्ट्रॅक्ट’ झाले, म्हणजे गिऱ्हाइकाशी विक्रीचा करार झाला, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा बाजारात आले. न्यू जर्सीत करारानंतर आधी वकील तो करार तपासतात आणि मग घराची तपासणी होते; यापैकी एका ठिकाणी घोडे अडले असणार. परसदाराच्या छायाचित्रात पायाच्या भिंतीलगत जमिनीतून वर आलेला, टोपण घातलेला एक लोखंडी नळ दिसत होता.

इथल्या जुन्या घरांची माहिती असणाऱ्याला तो नळ पाहून पुढचे सांगावे लागत नाही. गॅस येण्यापूर्वी ही घरे तेलावर तापवत, आणि तेलाची टाकी कित्येकदा अंगणात पुरलेली असे. टाकी गळली असेल, तर माती काढून साफ करण्याचा खर्च हजारो डॉलरच्या घरात जातो. विमा कंपन्या आणि बँका अशा घरापासून चार हात लांब राहतात. मी पत्रात भावाचा विषयच काढला नाही. टाकी काढली असल्यास त्याचा नगरपालिकेचा दाखला तुमच्याकडे आहे का, एवढेच विचारले. मालकीणबाईंनी स्वतःहून फोन केला. टाकी आधीच्या मालकाने काढून घेतली होती, पण कागद हरवला होता. सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली अर्ज केल्यावर नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात त्याची प्रत निघाली. सहा महिने घराच्या आड आलेली गोष्ट ती होती, आणि सकाळी आठला फोन करणाऱ्यांपैकी एकानेही तिच्याबद्दल विचारले नव्हते, असे त्या म्हणाल्या.

अशी घरे थोडी, हे मान्य करतो. बहुतेक घरे भावापायीच अडतात. जानेवारी २०२१ मध्ये तीस वर्षांच्या गृहकर्जाचा सरासरी दर २.६५ टक्क्यांपर्यंत उतरला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ७.७९ टक्क्यांवर गेला. पाच लाख डॉलरच्या कर्जाचा मासिक हप्ता यामुळे सुमारे २,०१५ डॉलरवरून ३,६०० च्या आसपास पोचतो. त्यावर घरपट्टी, २०२४ मध्ये तिची राज्यातली सरासरी वर्षाला दहा हजार डॉलर ओलांडून गेली. मालकाच्या डोक्यात मात्र शेजाऱ्याला २०२१ मध्ये मिळालेली बोली ठाण मांडून बसलेली असते, जेव्हा एका घरावर लोक अक्षरशः तुटून पडत होते. त्यात आमच्या भागात घरांची टंचाई असल्यामुळे न विकले गेलेले घर अधिकच नजरेत भरते. एवढी मागणी असताना हे का राहिले, यात नक्की काहीतरी पाणी मुरते आहे, असे गिऱ्हाईक धरून चालते.

आणि इथे आमच्या धंद्यातली सगळ्यात वाईट खोड आड येते. मालक दुखावलेला असतो, आधीच्या एजंटवर चिडलेला असतो. त्याला गोड वाटेल असा फुगवलेला भाव सांगायचा, खापर आधीच्या माणसावर फोडायचे, सही घ्यायची आणि दोन महिन्यांनी ‘बाजार मंद आहे’ म्हणत भाव उतरवायला लावायचा, हा ठरलेला खेळ आहे. मालक आगीतून फुफाट्यात पडतो. म्हणूनच कित्येक घरे लागोपाठ दोन-दोन, तीन-तीन एजंटांच्या हातून एक्स्पायर्ड होतात. आधीच्या एजंटला मी कधीच नावे ठेवत नाही. एक तर त्याने छायाचित्रे, जाहिरात, ओपन हाऊस यांवर पदरचे पैसे घातलेले असतात आणि घर न विकल्यामुळे त्याला छदामही मिळालेला नसतो. शिवाय पुष्कळदा योग्य भाव त्याने सांगितलेलाच असतो. मालकाने तो ऐकलेला नसतो.

पहिल्या भेटीत मी मालकाकडे जुना करार वाचायला मागतो. त्यात अनेकदा संरक्षणाचे कलम असते. जुन्या एजंटने घर दाखवलेल्या एखाद्या गिऱ्हाइकाने मुदत संपल्यावर ठरावीक दिवसांत ते घर घेतले, तर दलाली जुन्या एजंटकडे जाते. नव्या एजंटशी करार झाला की हे कलम गळून पडते, असे काही करारांत लिहिलेले असते आणि काहींत नसते. मालकाला दोनदा दलाली मोजावी लागू नये, यासाठी हे सहीआधीच वकिलाला दाखवून घ्यावे. ऑगस्ट २०२४ पासून गिऱ्हाइकाच्या बाजूने काम करणाऱ्या एजंटचा मोबदला एमएलएसवर लिहिता येत नाही, त्यामुळे तो मालकाने द्यायचा की नाही आणि किती, हेही याच बैठकीत बोलून घेतो.

त्यानंतर गेल्या सहा महिन्यांत त्याच भागात विकल्या गेलेल्या घरांचे कागद टेबलावर मांडतो आणि माझा भाव सांगतो. तो मालकाला पटला नाही, तर कागद त्याच्यापाशीच ठेवतो आणि सही न घेता निघतो. त्यातले काही जण पुढे वरचा भाव सांगणाऱ्याकडे जातात, आणि पुढच्या हंगामात त्यांचे घर पुन्हा त्याच यादीत दिसते. तेव्हा मी त्यांना दुसरे पत्र लिहितो, कागद मात्र नव्याने काढून, कारण दरम्यान भाव हललेले असतात.